दुबळा हात आणि घरची माया
(महोत्सवी सभेतील भाषण)



जन्माच्या सुमारास मेंदूस इजा झाल्याने काही मुलांचा एक हात दुबळा राहतो. मूल सारे चांगल्या हातानेच करते आणि न वापरलेला हात अधिकच मागे पडतो.

अमेरिकन संशोधक एडवर्ड टॉब यांनी अर्धांगवायूच्या प्रौढ रुग्णांवर केलेला एक प्रयोग १९९३ साली प्रसिद्ध झाला. चांगला हात जागेपणीचा बहुतेक वेळ झोळीत अडकवायचा आणि दुबळ्या हाताकडून कामे करवून घ्यायची. पुढे ही रीत मुलांनाही लागू पडली. मात्र दुबळ्या हाताची थोडी तरी हालचाल हवी आणि देखरेख तज्ज्ञाची हवी.

घरी काय करावे? चेंडू उचलू द्यावा, पोळीचा तुकडा मोडू द्यावा, आरतीला घंटा वाजवू द्यावी. पुढे दोन्ही हातांची कामे द्यावीत. नुसत्या तेलमालिशने हात कामाला लागत नाही; तो कामानेच लागतो.

वरण सांडेल, मूल रडेल, आजीचा जीव तुटेल. तरी आजी, घास भरवण्याची घाई करू नका. सांडलेले वरण पुसता येते. गेलेली वर्षे परत येत नाहीत.