रतलामची गटारे



मध्य प्रदेशातील रतलाम शहरी न्यू रोडवर उघडी गटारे वाहत. त्यांत मद्यार्काच्या कारखान्याचे सांडपाणी! रहिवाशांनी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १३३ व्या कलमाखाली, म्हणजे सार्वजनिक उपद्रवाबद्दल, दाद मागितली. नगरपालिकेचा बचाव काय? घाण ठाऊक असूनही ही मंडळी आपण होऊन तेथे राहावयास आली! दुसरा बचाव आपल्या चांगल्या ओळखीचा: पैसे नाहीत.

१९८० साली सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ही सबब फेटाळली. स्वच्छता हे पालिकेचे कायदेशीर कर्तव्य. तिजोरी रिकामी म्हणून ते टळत नाही. सहा महिन्यांत सार्वजनिक शौचकूप बांधा, पैशासाठी सरकारकडे कर्ज वा अनुदान मागा, असे निकालातच सांगितले.

मागा, हे खरे. पण मिळावयाचे कसे? १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने सार्वजनिक आरोग्य, घनकचरा, पर्यावरणरक्षण हे विषय बाराव्या अनुसूचीत घातले. तथापि अनुच्छेद २४३-डब्ल्यू नीट वाचा. राज्याचे विधिमंडळ पालिकांना हे अधिकार ‘देऊ शकेल’, एवढेच तेथे म्हटले आहे. कर्तव्य सक्तीचे आणि अधिकार मर्जीचे, अशी ही विचित्र वाटणी!

१३३ वे कलम २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे १५२ वे झाले आहे. अर्ज जिल्हा वा उपविभागीय दंडाधिकाऱ्याकडे करावयाचा असतो.