शिबिरातील स्नेह वर्षभर कसा टिकेल?



उन्हाळी शिबिर आटोपते त्या दिवशी मुले एकमेकांच्या वहीत पत्ते लिहून घेतात. जुन्नर, इंदापूर आणि भोरची मुले आठ दिवस पुण्यात एका पंगतीला बसलेली असतात. पुढे पेरण्या सुरू होतात, शाळा भरते आणि ती वही फडताळात पडून राहते. हा दोष मुलांचा नव्हे. पत्ता कसा लिहावा हेच त्यांना ठाऊक नसते. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून चालू आहे, तरी 'मु. पो.' म्हणून गावाचे नाव लिहिले की काम झाले, असे पुष्कळांना वाटते. याकरिता शिबिरातच पिनसह पूर्ण पत्ता लिहून घ्यावा. तो घरचा नसून शाळेचा, 'द्वारा मुख्याध्यापक' असा असावा. विशेषतः मुलींच्या बाबतीत हे सर्वांच्याच सोयीचे होय.

दूरध्वनी आहेच की, असे कोणी म्हणेल. परंतु तो वडिलांच्या खिशात असतो आणि वडील शेतावर असतात.

लिहावयाचे काय, हा प्रश्न मुलांना खरोखरच पडतो. साने गुरुजींनी पुतणी सुधा हिला लिहिलेली पत्रे 'सुंदर पत्रे' या नावाने प्रसिद्ध आहेत. त्यांतील एखादे वर्गात वाचून दाखवावे. गाय व्याली, ओढ्याला पूर आला, शाळेच्या कौलातून पाणी गळते, एवढा मजकूर कार्डाला पुरे. मात्र मुलाचे पत्र आपण तांबड्या शाईने तपासू नये आणि आलेले पत्र त्याला न विचारता वर्गात वाचू नये. शुद्धलेखनाला इतर तास आहेत.

एका गोष्टीकडे आपले लक्ष मुद्दाम वेधावयाचे आहे. ऊसतोडणी कामगारांची मुले दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर कारखान्याकडे जातात, ती गळीत संपल्यावर मार्च-एप्रिलात परततात. त्यांच्या नावे आलेले कार्ड 'विद्यार्थी गैरहजर' म्हणून परत धाडू नये. गावात कोणाला तरी तोडणीच्या तळाचा ठावठिकाणा ठाऊक असतो. तो विचारून कार्ड पुढे पाठवावे. ते न जमल्यास हजेरीपटात जपून ठेवावे आणि धाडणाऱ्या मुलास, 'तुझा मित्र उन्हाळ्यात येईल, तुझे पत्र मजजवळ आहे,' एवढे दोन ओळींत कळवावे. उत्तर आले नाही म्हणजे आपल्याला विसरला, असे दहा वर्षांचे मूल फार लवकर धरून चालते. इकडे परतलेल्या मुलाला, वर्गात आपली जागा उरली आहे की नाही, याचीच धास्ती असते. त्याच्या हाती पहिल्या दिवशी पुस्तकाआधी ते कार्ड द्यावे.