नवशिक्याचा पहिला पल्ला



या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे. आम्ही तर स्टिअरिंग धरणारी माणसे. पण आपण मीरा-भाईंदरकर ज्या काशीमिऱ्याच्या नाक्याला रोज बोल लावतो, तेथूनच आमचा पहिला लांबचा पल्ला सुरू झाला.

वर्सोव्याच्या पुलावरून वसईची खाडी ओलांडली आणि क्लीनरचे आम्ही ड्रायव्हर झालो, असे वाटले. मनोरपुढे मेंढवणची खिंड आली. डिझेल वाचवावे म्हणून उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकणार, तोच उस्तादांनी हात धरला. "पोरा, उतारावर गिअर हाच खरा ब्रेक. नुसता पाय दाबत राहिलास तर ब्रेक तापतील आणि ऐन वळणावर दगा देतील."

पण खरा वैरी उतार नव्हे, झोप. चारोटीपुढे पहाटे आमचा डोळा लागला. चाक कडेच्या खडीत उतरले, त्या आवाजाने जाग आली म्हणून आज येथे उभे आहोत. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने सर्वसाधारणपणे दिवसाला आठ तास काम आणि पाच तासांनंतर अर्धा तास विसावा ठरवला होता. आमच्या मालकाचे घड्याळ मात्र माल पोचण्याचे. ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली, हे चांगलेच. पण गारव्याने झोपेची भूक भागत नाही.

मागणे एवढेच: माल उशिरा आला तर ड्रायव्हरला रागावण्याआधी त्याला झोप मिळाली होती का, हे विचारा. त्याच रस्त्याने तुमचीही मुले घरी येतात.