मेरी लू विल्यम्स : पियानो आणि वर्ग

आज ओळख करून घेऊ अमेरिकन जॅझ पियानोवादक मेरी लू विल्यम्स यांची. जन्म १९१०चा, अटलांटातला. आई पायपेटी वाजवायची, तेव्हा छोटी मेरी तिच्या मांडीवर बसलेली असे. आईने वाजवलेले सूर तिच्या बोटांनी तिथेच उचलले.

पुढे कॅन्सस सिटीत अँडी कर्क यांच्या वाद्यवृंदात त्या पियानो वाजवू लागल्या आणि अख्ख्या वृंदासाठी रचनाही लिहू लागल्या. बेनी गुडमन, ड्यूक एलिंग्टन यांनीही त्यांच्याकडून संगीत लिहून घेतलं. पुरुषांचीच सद्दी असलेल्या त्या काळात हे मला त्यांच्या वादनाइतकंच मोठं वाटतं.

१९४०च्या दशकात हार्लेममधलं त्यांचं घर म्हणजे शाळाच झाली. थेलोनियस मंक, बड पॉवेल अशी तरुण मंडळी तिथे जमत, नवं काही सुचलं की वाजवून दाखवत.

खरा वर्ग मिळाला १९७७मध्ये, नॉर्थ कॅरोलायनातल्या ड्यूक विद्यापीठात. तिथे त्या जॅझचा इतिहास शिकवत आणि विद्यार्थ्यांच्या जॅझ वृंदाला तालीम देत. जॅझ समजावण्यासाठी त्यांच्याकडे एका झाडाचं चित्र होतं. मुळाशी कृष्णवर्णीयांनी सोसलेलं दुःख, खोडावर भक्तिगीतं, रॅगटाइम, ब्लूज, स्विंग आणि त्यावर बीबॉप. ती मुळं सोडून हे संगीत शिकवणं त्यांना मान्यच नव्हतं. १९८१मध्ये निधन होईपर्यंत त्या तिथेच होत्या.

त्यांना ऐकायचं असेल, तर १९४५च्या ‘झोडिअ‍ॅक सूट’पासून सुरुवात करा. बारा राशींवरच्या बारा रचना आहेत त्यात.