मानसशास्त्र शिकून पुढे काय?

बारावीचा निकाल लागला की महाविद्यालयांत एक प्रश्न हमखास कानी पडतो. मुलगी सांगते, “मला मानसशास्त्र घ्यायचंय.” वडील गप्प बसतात आणि मग हळूच विचारतात, “ते ठीक आहे हो, पण पुढे पोटापाण्याचं काय?” या प्रश्नात कमीपणा वाटण्यासारखे काहीच नाही. ज्याला पाच-सात वर्षांचा खर्च सोसायचा आहे, त्याने तो विचारलाच पाहिजे. मात्र उत्तर देणाऱ्याने गोड बोलून वेळ मारून नेता कामा नये.

आमच्या नाशिकचा गंगापूर रोडच घ्या. अशोक स्तंभापासून निघून जेहान सर्कल, आनंदवल्ली करीत सोमेश्वरकडे जाऊ लागलात, की दोन्ही अंगांना महाविद्यालये, क्लासेस आणि दवाखाने यांच्या पाट्या दिसतात. ‘समुपदेशक’ ही पाटीही त्यांत आता नवलाची राहिलेली नाही. पण दोन पाट्या सारख्या दिसल्या, तरी त्यांच्यामागचे शिक्षण सारखे असेलच असे नाही. आपल्या विषयाची खरी मेख इथेच आहे.

प्रथम नावे नीट समजून घेऊ. मनोविकारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो. तो एम.बी.बी.एस. होऊन पुढे मनोविकारशास्त्र शिकलेला असतो आणि औषध लिहून देण्याचे काम त्याचे. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ औषध देत नाही. तो चाचण्या घेतो, निदानाला साहाय्य करतो आणि मानसोपचार करतो. त्याचे नाव 1992 च्या कायद्याखालील भारतीय पुनर्वसन परिषदेच्या नोंदवहीत असावे लागते. नुसते एम.ए. मानसशास्त्र करून हे नाव लावता येत नाही, हे अनेकांना एम.ए. झाल्यावर कळते! तिसरा समुपदेशक. शाळा, कुटुंब, नोकरी, व्यवसायनिवड अशा अडचणींत तो माणसाला वाट शोधायला मदत करतो.

समुपदेशकाच्या पाटीला पुष्कळ वर्षे कोणाचीच आडकाठी नव्हती. संसदेने 2021 मध्ये संलग्न आरोग्य व्यवसायांचा कायदा केला आणि मानसशास्त्रज्ञ व समुपदेशक यांनाही त्याच्या कक्षेत आणले. म्हणजे यापुढे या पेशात नोंदणीचे महत्त्व वाढत जाणार. तेव्हा ‘सहा आठवड्यांत समुपदेशक व्हा’ अशी जाहिरात दिसली, तर पैसे भरण्यापूर्वी एवढेच विचारा : या प्रमाणपत्रावर माझी नोंदणी कुठे होईल?

आणखी दोन बदल ध्यानात ठेवा. चिकित्सा मानसशास्त्राचा राजमार्ग म्हणजे एम.ए.नंतर दोन वर्षांची एम.फिल. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 च्या नियमांनी एम.फिल. पदवी बंद केली आणि या विषयापुरती मुदत 2025-26 च्या सत्रापर्यंत वाढवून दिली. त्यामुळे यापुढे पुनर्वसन परिषदेने मान्य केलेले नवे अभ्यासक्रमच पाहावे लागतील. दुसरे असे की, जुलै-ऑगस्ट 2025 च्या सत्रापासून मानसशास्त्राचे शिक्षण दूरस्थ वा ऑनलाइन पद्धतीने देऊ नये, असे आयोगाने संस्थांना बजावले आहे. मुक्त विद्यापीठाचे मुख्यालय नाशिकलाच. नोकरी सांभाळून घरबसल्या पदवी घेण्याची आपल्याला सवय. म्हणून ही गोष्ट आपण विशेष लक्षात ठेवायला हवी.

आता मिळकतीकडे वळू. महाविद्यालयात सहायक प्राध्यापक व्हायचे, तर एम.ए.नंतर नेट किंवा सेट उत्तीर्ण व्हावे लागते. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे सुरुवातीचे मूळ वेतन 57,700 रुपये आहे. ऐकायला छान वाटते, नाही का? पण कायम जागा थोड्या, आणि तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे शिकविणारे पुष्कळ. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात आणि सरकारी रुग्णालयांतील एच.आय.व्ही. समुपदेशन केंद्रांत कामे असतात, ती बहुधा कंत्राटी. केंद्रीय मंडळाच्या शाळांना समुपदेशक लागतो. कौटुंबिक न्यायालयांत 1984 च्या कायद्याने विवाह समुपदेशकांची सोय आहे. तिथे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी उपयोगी पडते. सैन्यदलाच्या निवड मंडळांतही मानसशास्त्रज्ञ असतात. वाटा आहेत, मात्र प्रत्येक वाटेचा दाखला निराळा.

स्वतःची खोली थाटायची म्हणता? मग कागद-पेन्सिल घ्या. एका तासाचे 800 रुपये मिळतात असे धरू. महिन्याचे 22 दिवस, रोज चार माणसे आली, तर 70,400 रुपये झाले. पण रोज चार माणसे पहिल्या वर्षी येत नाहीत. रोज एकच आला, तर तेच 17,600 होतात. त्यांतून खोलीचे भाडे द्यायचे, चाचण्यांचे साहित्य आणायचे. वेळ ठरवून न येणारेही असतात! शिवाय रोज आठ तास दुसऱ्याचे दुःख ऐकणे कोणालाच झेपत नाही. म्हणून नवशिक्याने अर्धवेळ नोकरी धरून, अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली, सावकाश जम बसवावा हे बरे.

आपल्याकडे एक भांडवल मात्र आहे, आणि ते म्हणजे भाषा. माणूस आपले दुःख आपल्या बोलीत सांगतो. निफाड-दिंडोरीचा द्राक्षबागाईतदार, बागलाणातली अहिराणी बोलणारी सासुरवाशीण, स्पर्धा परीक्षेसाठी खोली घेऊन राहिलेला मुलगा, यांच्याशी त्यांच्या शब्दांत बोलू शकणारा शिकलेला माणूस हवा आहे. ठाण्याला डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 पासून ‘आय.पी.एच.’ ही संस्था चालवून, मनाच्या आरोग्याचे काम मराठीतून कसे उभे राहते ते दाखवून दिले. सरकारची ‘टेलिमानस’ ही 14416 क्रमांकाची दूरध्वनी सेवा 2022 च्या ऑक्टोबरात सुरू झाली, तीही प्रादेशिक भाषांतून चालते.

तेव्हा पालकांनो, मुलीला अडवू नका आणि भुलूही नका. प्रवेशापूर्वी तिच्याबरोबर बसून तीन प्रश्न कागदावर लिहा. हा अभ्यासक्रम कोणत्या परिषदेला मान्य आहे? त्यात प्रत्यक्ष रुग्णांबरोबर, देखरेखीखाली किती तास काम करायला मिळेल? आणि पदवीनंतर दोन-तीन वर्षे थोडक्या मिळकतीत काढण्याची घरची तयारी आहे का? याच प्रश्नांत त्या अनोळखी माणसाचेही हित आहे, जो उद्या तिच्या पाटीवर विश्वास ठेवून दार ढकलणार आहे. त्याच्यापाशी दुसऱ्यांदा धीर गोळा करण्याइतके बळ असेलच असे नाही. तिन्ही उत्तरे मनासारखी आली, तर खुशाल फॉर्म भरा.