आधी पैसा, मग सल्लागार, मग फौज

  

बातम्या लागल्या की आपल्या गटांमधून एक प्रश्न हमखास येतो. भांडण एका देशातलं, म्हणजे भावाभावातलं. मग हजारो मैलांवरचा बलाढ्य देश त्यात कशाला पडतो? याचं उत्तर आज आम्ही व्हिएतनामच्या युद्धातून शोधणार आहोत. हा देश भाताचा. गुडघाभर चिखलात वाकून लावणी करणाऱ्या बायकांचा. त्यामुळं तो आपल्याला फार परका वाटायचा नाही.

जसं आपल्यावर इंग्रजांचं राज्य होतं, तसं व्हिएतनामवर फ्रान्सचं. दुसऱ्या महायुद्धात तिथं जपानी फौजा आल्या. युद्धाच्या शेवटी उत्तर भागात असा दुष्काळ पडला, की लाखो माणसं भुकेनं गेली. मग २ सप्टेंबर १९४५ ला हो ची मिन्ह यांनी हनोई शहरात स्वातंत्र्य जाहीर केलं. आणि गंमत बघा, त्या भाषणाची सुरुवात त्यांनी अमेरिकेच्याच स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातल्या शब्दांनी केली. अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांना मदतीसाठी पत्रंही लिहिली. उत्तर आलं नाही. हो ची मिन्ह पडले कम्युनिस्ट, आणि अमेरिकेला फ्रान्सला दुखवायचं नव्हतं.

फ्रान्स परत आला आणि आठेक वर्षं लढाई चालली. अमेरिकेचा एकही शिपाई त्यात लढत नव्हता. पण शेवटी शेवटी त्या लढाईच्या खर्चात रुपयातले बारा आणे अमेरिकेचे होते. इथं जरा थांबूया, कारण सगळी गोष्ट इथंच फिरते. आपल्या बचत गटात कुणी कर्ज घेतं, ते फिटत नाही, म्हणून ते फेडायला दुसरं घेतं, मग तिसरं. पहिली रक्कम बुडू नये म्हणून पुढची घालायची. महासत्ता परक्या युद्धात उतरते ती बरीचशी अशीच. एका सकाळी उठून कुणी पाच लाख फौज पाठवत नाही.

अमेरिकेला भीती कसली होती? मुलं उभ्या विटांची रांग लावतात आणि पहिली ढकलतात, मग सगळ्या पडत जातात. तसंच एक देश कम्युनिस्ट झाला की शेजारचे देशही एकामागून एक होतील, असा तिथल्या पुढाऱ्यांचा हिशेब होता. चीन १९४९ मध्ये कम्युनिस्ट झालाच होता. व्हिएतनामची माणसं चीनशी शेकडो वर्षं भांडत आलीत, ती चीनच्या मुठीत सहज जाणार नाहीत, हे मात्र त्या हिशेबात कुणी नीट धरलं नाही.

१९५४ साली दिएन बिएन फू इथं फ्रान्स हरला. जिनिव्हा शहरात करार झाला आणि देशाच्या मधोमध रेघ ओढली गेली. वर हो ची मिन्ह, खाली दुसरं सरकार. ही रेघ तात्पुरती होती बरं का. १९५६ मध्ये सगळ्या देशात निवडणूक घेऊन तो एक करायचा, असं ठरलं होतं. देखरेखीला तीन देशांचा आयोग नेमला: भारत, कॅनडा आणि पोलंड. अध्यक्षपद भारताकडं होतं. पण निवडणूक झालीच नाही. दक्षिणेचे प्रमुख न्यो दिन्ह दिएम यांनी नकार दिला आणि अमेरिकेनं त्यांची पाठराखण केली, कारण हो ची मिन्हच जिंकतील अशी धास्ती होती. उत्तरेतही सगळं आलबेल नव्हतं, हेही सांगायला हवं. तिथं जमीनवाटपाच्या नावाखाली हजारो माणसं मारली गेली आणि लाखो लोक घरदार सोडून दक्षिणेला आले.

दिएम यांनी एक काम असं केलं, की ते ऐकून आपल्यातल्या सरपंच बायकांना राग येईल. गावच्या पंचांची निवडणूकच त्यांनी बंद केली. गावचे कारभारी वरून नेमले जाऊ लागले. विरोध करणारा तुरुंगात. लोक पेटले ते इथून. १९६० साली बेन त्रे भागात उठाव झाला, त्याच्या पुढारपणात न्युएन थी दिन्ह नावाची बाई होती. बायका शेकड्यांनी जमून सरकारी कचेऱ्यांवर चालून जायच्या. त्यांना 'लांब केसांची फौज' म्हणत. पुढं उत्तरेकडून जंगलवाटांनी माणसं आणि हत्यारं येऊ लागली. उत्तरेच्या मागं रशिया आणि चीन उभे होते. म्हणजे घर एकाचं, आणि भांडणाला तेल घालणारे तिघं.

अमेरिकेनं दक्षिणेला पैसा दिलाच होता. तो पुरेना, म्हणून लष्करी सल्लागार दिले. १९६० च्या अखेरीला ते हजाराच्या आत होते, १९६३ च्या अखेरीला सोळा हजारांच्या घरात गेले. जॉर्ज बॉल नावाच्या अधिकाऱ्यानं अध्यक्ष केनेडींना आधीच सांगितलं होतं, की असंच चाललं तर पाच वर्षांत आपली तीन लाख माणसं त्या चिखलात रुतलेली असतील. केनेडींनी त्यांना वेड्यात काढलं. पाच वर्षांत तो आकडा ओलांडला गेला.

१९६२ मध्ये आणखी एक योजना आली. बंडखोरांना गावातून धान्य आणि आसरा मिळू नये म्हणून गावंच्या गावं उठवून बांबूच्या आणि काटेरी तारेच्या कुंपणात बसवायची. कागदावर सुरक्षा, शाळा, दवाखाना असं सगळं होतं. प्रत्यक्षात शेत लांब पडलं आणि वाडवडिलांच्या कबरी मागं राहिल्या. जी माणसं कुणाच्याच बाजूची नव्हती, तीही बंडखोरांकडं वळली. धरणाखाली ज्यांची गावं गेली, त्या मैत्रिणींना गाव उठणं म्हणजे काय ते आम्ही सांगायला नको.

१९६३ च्या नोव्हेंबरात दक्षिणेच्याच सेनापतींनी दिएम यांना मारलं. हा कट अमेरिकेला माहीत होता, तिनं तो अडवला नाही. आम्हाला वाटतं, अमेरिका खरी अडकली ती त्या दिवशी. घरातला कर्ता आपल्या संमतीनं गेला, की ते घर आपल्याच गळ्यात पडतं. त्यानंतर सरकारं एकामागून एक बदलत राहिली आणि ओझं वाढत गेलं.

१९६४ च्या ऑगस्टमध्ये टोंकिनच्या आखातात अमेरिकी जहाजावर दोनदा हल्ला झाला, अशी बातमी आली. पहिला हल्ला खरा होता. दुसरा झालाच नव्हता, हे पुढं उघड झालं. पण तेवढ्यावर अमेरिकेच्या संसदेनं अध्यक्ष जॉन्सन यांना हवी ती लष्करी कारवाई करायची मोकळीक दिली. विरोधात पडली फक्त दोन मतं. त्याआधी मे महिन्यात जॉन्सन फोनवर आपल्या राष्ट्रीय सुरक्षा सल्लागाराला सांगत होते, की या युद्धात लढण्यासारखं काही दिसत नाही, आणि बाहेर पडायची वाटही दिसत नाही. ते बोलणं ध्वनिमुद्रित झालेलं आहे. माहीत असूनही माणूस पुढंच जातो, कारण मागं फिरलं तर लोक भित्रा म्हणतील.

मग बॉम्बफेकी विमानं आली. त्या विमानांचा तळ राखायला ८ मार्च १९६५ ला साडेतीन हजार शिपाई दा नांगच्या किनाऱ्यावर उतरले. तारीख आपल्या ओळखीची आहे. पांढऱ्या पोशाखातल्या मुलींनी त्यांच्या अधिकाऱ्याच्या गळ्यात फुलांचे हार घातले. काम होतं तळ राखायचं. पण तळ राखायचा तर आजूबाजूचं रान राखायला हवं, आणि रान राखायचं तर गावात शिरायला हवं. १९६९ पर्यंत ही फौज पाच लाख चाळीस हजारांवर गेली.

झाडी आणि पिकं मारायला विमानांतून सात कोटी लिटरच्या आसपास तणनाशक फवारलं गेलं. त्यातल्या बऱ्याचशा औषधात डायऑक्सिन हे विष होतं. अमेरिकेचे अठ्ठावन्न हजारांवर शिपाई मेले. व्हिएतनामची माणसं किती गेली, याचे अंदाज वीस-तीस लाखांच्या घरातले आहेत.

जानेवारी १९७३ मध्ये पॅरिसला करार झाला, तेव्हा सह्या करणाऱ्यांत एकच बाई होती, बंडखोरांच्या वतीनं आलेली न्युएन थी बिन्ह. अमेरिकेची फौज परत गेली. लढाई मात्र ३० एप्रिल १९७५ पर्यंत चाललीच.

जुन्या रेघेजवळच्या क्वांग त्री प्रांतात शेत नांगरताना अजून बॉम्ब निघतात. ते शोधून निकामी करणाऱ्या पथकांत गावातल्या बायका काम करतात.