चार तारा आणि एक मित्र
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी फोनवर सांगितलं, "दहा मिनिटं बोल, विषय तुझा तू निवड, फक्त कॉम्प्युटर नको." तेव्हा कॉम्प्युटर नाही. मी बोलणार आहे माइक वॉट नावाच्या माणसाबद्दल. आडनाव ऐकून विज्ञानाच्या बाईंना बरं वाटेल, पण हा दिव्याचा वॉट नव्हे. हा अमेरिकेतला पंक रॉकवाला, बास गिटार वाजवणारा आणि गाणी लिहिणारा.

पंक म्हणजे नुसता गोंगाट, असं माझ्या घरीही म्हणतात. थोडा गोंगाट आहेच. पण १९७० च्या दशकात आलेल्या या संगीतामागची कल्पना सोपी होती. मोठी कंपनी, महागडा स्टुडिओ, देखणा चेहरा यांतलं काही नसलं तरी चालेल, वाजवायला लागा. आणि बास? मिरवणुकीत ताशा ऐकू येतो, लोक ताशावाल्याकडे बघतात, पण पाय उचलले जातात ढोलाच्या ठोक्यावर. रॉक बँडमध्ये बासचं काम साधारण तसंच. नसला तरच जाणवतो.

वॉटचा जन्म १९५७ चा. वडील अमेरिकन नौदलात, जहाजाच्या इंजिनरूममध्ये. त्यांच्या बदलीमुळे कुटुंब कॅलिफोर्नियातल्या सॅन पेड्रो या बंदराच्या गावी आलं. तिथल्या एका बागेत शाळकरी माइक चालला असताना झाडावरून एक मुलगा धपकन त्याच्यापुढे उडी मारून उतरला. त्याला वाटलं होतं, खालून आपला कुणी दोस्त चाललाय. हा डी. बून. मैत्री अशी, चुकीच्या माणसाच्या अंगावर उडी मारून सुरू झाली. (आपल्या वर्गातल्या काही मैत्र्या याहून बऱ्या पद्धतीने सुरू झालेल्या नाहीत, नावं घेत नाही.)

बूनच्या आईने ठरवलं की पोरं शाळा सुटल्यावर रस्त्यावर भटकण्यापेक्षा घरात वाजवत बसलेली बरी. बून गिटार वाजवणार, म्हणून माइकने बास घ्यायचा, हेही तिनेच ठरवलं. माइकला बास म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. रेकॉर्डच्या वेष्टनावरच्या फोटोत त्याला चार खुंट्या दिसायच्या, म्हणून त्याने साध्या गिटारवर चारच तारा ठेवल्या. तारा जुळवायच्या असतात हेही दोघांना माहीत नव्हतं. कुणाला सैल तारा आवडतात, कुणाला ताणलेल्या, ज्याची त्याची आवड, असं त्यांना वाटायचं!

हीच पोरं १९८० मध्ये मिनिटमेन नावाचा बँड काढतात. ड्रमवर जॉर्ज हर्ली. त्यांची बरीचशी गाणी मिनिटभराची. १९८१ च्या त्यांच्या पहिल्या अल्बममध्ये १८ गाणी आहेत आणि सगळं मिळून पंधराएक मिनिटांत संपतं.

मला या लोकांची काटकसर फार आवडते. त्याला ते 'इकॉनो' म्हणायचे. स्टुडिओ रात्री उशिरा घ्यायचा, कारण तेव्हा भाडं कमी. टेप आधी वापरलेली. गाणी अल्बममध्ये ज्या क्रमाने येणार त्याच क्रमाने रेकॉर्ड करायची, म्हणजे नंतर टेप कापून जोडण्याचे पैसे वाचतात. दौऱ्यावर स्वतःच गाडी चालवायची, सामान स्वतःच उचलायचं. मी रोज ऑफिसात 'ऑप्टिमायझेशन' हा शब्द दहा वेळा ऐकते. त्याचं इतकं चोख उदाहरण मला तिथे क्वचितच दिसलं.

१९८४ मध्ये त्यांचा एक अल्बम जवळजवळ तयार होता. तेवढ्यात हुस्कर डू या मित्रांच्या बँडने दोन तबकड्यांचा अल्बम केल्याचं कळलं. मग यांनीही ईर्षेने आणखी गाणी लिहून काढली आणि 'डबल निकल्स ऑन द डाइम' झाला. चाळीसहून जास्त गाणी. तिघांनी एकेक बाजू घेतली आणि आळीपाळीने गाणी निवडली. कुणी न निवडलेली उरली ती चौथ्या बाजूवर, आणि त्या बाजूला नाव दिलं 'चॅफ', म्हणजे फोलपट. याच अल्बममध्ये वॉटने लिहिलेलं 'हिस्टरी लेसन, भाग दोन' आहे. गाणं वॉटचं, विषय त्याची आणि बूनची मैत्री, आणि गायलंय बूनने. आपल्यावर लिहिलेलं गाणं आपणच गायचं. संकोच म्हणून काही असतो की नाही? पण ऐकताना तो जाणवत नाही.

२२ डिसेंबर १९८५ रोजी ॲरिझोनात गाडीला अपघात झाला. बूनला ताप होता, तो मागे झोपला होता. जागीच गेला. वय २७. वॉट त्या गाडीत नव्हता. दोनच दिवसांपूर्वी त्याचा वाढदिवस झाला होता.

आता मी हा विषय का निवडला ते सांगते. आपल्या वर्गातली एक खुर्ची आज रिकामी आहे. गॅदरिंगला ती गायची आणि मी पेटी धरायचे, हे तुम्हाला आठवत असेल. ती २०२१ च्या लाटेत गेली. त्यानंतर दोन वर्षं माझी पेटी खोक्यातच होती. त्या काळात मी वॉटबद्दल वाचत होते ते संगीतासाठी नव्हे, पुढे या माणसाने काय केलं हे बघायला.

तर वॉटने वाजवणं सोडलंच होतं. एड क्रॉफर्ड नावाचा एक तरुण चाहता ओहायोतून आला. वॉट नवा गिटारवादक शोधतोय, अशी खोटीच बातमी त्याला कुणी सांगितली होती. त्याने टेलिफोन डिरेक्टरीतून नंबर काढला आणि पिच्छाच पुरवला. त्यातून १९८६ मध्ये फायरहोज हा बँड उभा राहिला. तेव्हापासून वॉट आपले अल्बम बूनला अर्पण करत आला आहे.

१९९७ मध्ये त्याने वडिलांच्या इंजिनरूमवर आख्खा अल्बम केला. तीन खलाशी आणि मिनिटमेनचे तिघे एकमेकांत मिसळून टाकले. २००० मध्ये जंतुसंसर्गाने तो मरता मरता वाचला, अंथरुणाला खिळला. उठला तेव्हा बोटांत जोर नव्हता, बास वाजेना. मग त्याने लहानपणी ऐकलेल्या स्टूजेस या बँडची साधी गाणी घोटून हात परत आणला. आणि २००३ मध्ये खुद्द स्टूजेस पुन्हा एकत्र आले, तेव्हा बास वाजवायला त्यालाच बोलावलं!

२००५ मध्ये मिनिटमेनवर माहितीपट आला. त्या निमित्ताने वॉटने ती जुनी गाणी पुन्हा ऐकली. मग तो पुन्हा छोटी गाणी लिहू लागला, तीस छोटे तुकडे, 'हायफनेटेड-मॅन' नावाचा अल्बम. ती गाणी त्याने बासवर रचली नाहीत. डी. बूनची टेलिकास्टर गिटार हातात घेऊन रचली.

माझी पेटी मागच्या दिवाळीत दुरुस्त करून आणली. दोन स्वर अजून बसके आहेत.

वॉटची काही गाणी मी रात्री ग्रुपवर टाकते. घरातली मंडळी झोपली असतील तर हेडफोन लावा, आणि पहिलं आवडलं नाही तरी थांबा, मिनिटभरात दुसरं येतंच.